कोळसा आणि पाव

सोमवार, २ डिसेंबर

आजपासून लिहायचं ठरवलं. दिवसभर तोंडात येतं ते सगळं बोलून टाकलं, तर या गावात माझ्याशी बोलायला कुणी उरणार नाही. मुंबईच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली, निवृत्त झाले, नवऱ्याच्या गावातलं हे घर रिकामं होतं म्हणून राहायला आले. हरिहरेश्वरापासून अर्ध्या तासावर, शांत, समुद्र जवळ. तर हायस्कूलचे मुख्याध्यापक कुलदीप सर दारात हजर. "नूतनबाई, आमच्या मुलांना चित्रकलेला कुणीच नाही हो." तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं.

वर्ग म्हणून मिळाली ती खेळाच्या सामानाची खोली. एक खिडकी समुद्राकडे, एक रस्त्याकडे. रस्त्याकडच्या खिडकीवर मी घरची काळी चादर ठोकली. उजेड एकाच बाजूने यायला हवा, नाहीतर सावल्यांची नुसती खिचडी होते. टेबलावर पांढरं फडकं, त्यावर एक सोललेला नारळ. समोर दिसतंय ते काढा म्हटलं, तर चिराग नावाच्या मुलाने खिशातून मोबाइल काढला आणि त्यात नारळ शोधायला लागला. समोर नारळ आहे! खिडकीबाहेर नारळीची बाग आहे! आणि हा फोनमध्ये नारळ शोधतोय. डोक्यात तिडीक गेली.

मग मी माझी रीत दाखवली. अख्खा कागद आधी कोळशाने काळा करायचा. मग पावातला मऊ गर काढायचा, बोटांत मळायचा आणि जिथे उजेड दिसतो तिथे टिपून टिपून कोळसा उचलायचा. अंधारातून उजेड बाहेर काढायचा. माझ्या गुरूंनी मला असंच शिकवलं, त्यांच्या गुरूंनी त्यांना. मी लादीपाव फोडला तशी पोरं डोळे फाडून बघत राहिली. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ज्याला पुसता येत नाही त्याला काढता येत नाही'. भोवती चौकट केली आणि खाली लिहिलं 'पुसू नये'. सगळ्यांनी ते वहीत सुंदर उतरवून घेतलं. नारळ मात्र एकाचाही जमला नाही.

बुधवार, ४ डिसेंबर

मे महिन्यात अलिबागला एका कलासंस्थेचं महिनाभराचं शिबिर आहे. जानेवारीत निवडचाचणी, प्रत्येक शाळेतून दोन नावं. बारावीची सिदरा त्यासाठी माझ्या मागे लागली आहे. तिचे वडील खलीलभाई कुवेतला असतात. त्यांनी फोनवर सांगितलंय म्हणे, अलिबागला निवड झाली तर मुंबईच्या कला महाविद्यालयाचा फॉर्म भरू, नाहीतर गुपचूप फार्मसीला जायचं. मुलगी हे सांगताना रडवेली झाली होती. एवढी तळमळ असेल तर कष्ट करावेत की नाही?

पण नाही. बाईसाहेब कागद काळा करत नाहीत. पावाला हात लावत नाहीत. कोळशाची कांडी हातात धरून नारळाकडे टक लावून बसतात. इतरांचे दोन दोन कागद झाले तरी हिचा कोरा. मी विचारलं, "काय, मुहूर्त बघते आहेस का?" तर म्हणते, "बघतेय बाई." उद्धट नव्हे, पण उत्तर देण्यासारखं हे उत्तर आहे का?

वर्ग सुटल्यावर थांबून खोली झाडते. मी सांगितलेलं नाही. लोणी लावायचा हा प्रकार मला मुंबईपासून माहीत आहे.

सोमवार, ९ डिसेंबर

आज संताप संताप झाला. समुद्राकडच्या खिडकीच्या वर, हात पुरणार नाही अशा झरोक्याच्या कट्ट्यावर पावाचे काळे गोळे ओळीने मांडून ठेवलेले! वापरून झालेले, बोटांचे ठसे उमटलेले. गेल्या आठवड्याचे सगळे. कावळे येऊन टोचत होते आणि खाली माझ्या पांढऱ्या फडक्यावर काळा चुरा पडत होता. प्रदर्शन मांडलंय माझं! म्हातारी पाव चोळते म्हणून पोरांनी केलेली टवाळी, दुसरं काय.

शिपाई सदाला बोलावलं. तो मान वर करून बघत राहिला आणि म्हणाला, "पायाखाली येऊ नये म्हनून ठेवलं असंल कुनी." मी म्हटलं, पायाखाली येऊ नये म्हणून सरकारने केराची टोपली दिली आहे. तर म्हणाला, "टोपलीत तरी कसं टाकायचं, बाई?" याच्याशी काय बोलणार! उद्या वर्गात छडा लावते.

मंगळवार, १० डिसेंबर

छडा लागला.

वर्गात विचारलं, हा उद्योग कुणाचा. दुसऱ्यांदा विचारलं तर सिदरा उभी राहिली. मी म्हटलं, "का? मी काय वेडी दिसते तुला?" ती म्हणाली, "नाही बाई. खायची चीज आहे." बस्स, एवढंच, मान खाली घालून. माझा पारा चढला. एवढ्या वर्षांत हजार मुलांनी माझ्या वर्गात पाव वापरला, एकानेही मला खायच्या चीजेवर व्याख्यान दिलं नव्हतं. टेबलावर चिरागने वापरलेला एक गोळा पडला होता, काळाकुट्ट. मी म्हटलं, "खायची चीज आहे ना? मग खा."

चार पोरं खिदळली. सिदरा पुढे आली. तिने तो गोळा उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. चावला. गिळला. मग जागेवर जाऊन बसली आणि कोळशाची कांडी हातात घेतली.

मी म्हटलं, "पाणी पी." ती उठून पाणी पिऊन आली.

केवढा हा हट्टीपणा! उद्या पोट बिघडलं तर माझ्या नावाने शंख होणार. घरी आल्यावर मुंबईला डॉक्टर पुतणीला फोन केला. ती म्हणाली, एवढ्याशा कोळशाने काही होत नाही. मी मुद्दाम दोनदा विचारून घेतलं.

गुरुवार, १२ डिसेंबर

झालं! गावभर झालं. बाईंनी पोरीला कोळसा खायला घातला. दूधवाल्याने विचारलं, भाजीवालीने विचारलं. मी खायला घातला? मी?

संध्याकाळी सिदराची आई तैयबा आली. मी कंबर कसून बसले होते, म्हटलं आता भांडण. तर बाई डब्यात तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आलेली. म्हणते, "तुमी वाईट नका मानू, बाई. पोरीला मी समजावलंय. उस्तादाच्या पुढं असं करायचं नसतं."

मी म्हटलं, "तिने तो गोळा खायला नको होता."

तर ती शांतपणे म्हणते, "तुमी खा म्हटलंत ना, म्हनून खाल्लान. उस्तादाचा बोल कसा मोडायचा?"

टोमणा! तोंड इतकं गोड, आणि टोमणा कसा सुरीसारखा. असं बोलायला मला जन्मात जमणार नाही. भाकऱ्या मात्र मऊ होत्या. टाकवल्या नाहीत म्हणून खाल्ल्या.

शनिवार, १४ डिसेंबर

शाळेत पालकांची सभा. विषय एकच, मी. या गावात वरची वाडी आणि मोहल्ला पाण्याच्या टाकीवरून वर्षानुवर्षं भांडताहेत. नळाला कुलूप कुणी लावायचं यावर त्यांचं एकमत होत नाही. माझ्यावर मात्र झालं. अर्ध्या तासात!

चिरागचे आजोबा येसाजी उभे राहिले. भातशेतीवर जन्म गेलेला माणूस, आवाज शेतावरचा. "बाई, पोर घरात पाव मागतंय, चित्र पुसायला. आमी भाताचं शीत पायाखाली आलं तरी उचलून डोक्याला लावतो. हे असलं आमच्यात चालत न्हाय म्हंजे न्हाय." मागून मोहल्ल्यातली माणसं म्हणाली, "बरोबर बोलले काका." एरवी एकमेकांना रस्ता देत नाहीत.

मी ऐकून घेणारी नाही. म्हटलं, ही शंभर वर्षांची रीत आहे, मोठमोठ्या चित्रशाळांत चालते. कुलदीप सर गोड हसून म्हणाले, "बाई, ते मऊ रबर मिळतं की, पिठाच्या गोळ्यासारखं. मागवू या ना." मला रबर सांगतात! ज्यांच्या मुलाच्या लग्नात अर्धी परात जिलबी गटारात गेली ती मी या डोळ्यांनी पाहिली आहे, ते मला अन्नाचा मान शिकवणार? हे मी सभेत बोलले. बोलायला नको होतं, पण खोटं नव्हतं.

शेवटी ठरलं, वर्गात पाव बंद. मी म्हटलं, मग वर्गच बंद. निघता निघता कुलदीप सरांनी अलिबागच्या चाचणीसाठी नावं विचारली. मी चिराग आणि दहावीचा अफान, ही दोन लिहून दिली. सिदराचं नाही. ज्या मुलीने शिक्षिकेला गावभर बदनाम केलं तिला मी अलिबागला मिरवायला न्यावं? फार्मसी काही वाईट नसते.

रविवार, २२ डिसेंबर

माझी चादर आणि फडकं आणायला शाळेत गेले. आठवडाभर खोली बंद होती. कपाटात मुलांचे कागद गठ्ठ्याने पडलेले. चिरागचा नारळ बरा. अफानचा नारळ म्हणजे फुटबॉल. सगळ्यात खाली एक कागद होता, त्यावर खिडकीवरचा तो कट्टा. त्यावर पावाचे गोळे ओळीने, मागून समुद्राचा उजेड येतोय, प्रत्येक गोळ्याची सावली बाजूच्या भिंतीवर तिरपी उतरलेली. कडेला एक कावळा, अर्धा चौकटीबाहेर.

नाव लिहिलेलं नव्हतं. गरज नव्हती.

मी आधी पुसल्याची खूण शोधली. कागद उजेडात तिरपा धरला. कोळसा उचलला की कागदावर एक करडा मळ राहतो, कितीही सफाईने उचला. माझ्या डोळ्यांतून तो सुटत नाही. इथे नव्हता. गोळ्यांच्या कडेवरची उजेडाची किनार म्हणजे कोरा कागद होता. कोळसा तिथे पोचलाच नव्हता. कडेने फिरून गेला होता. म्हणजे पहिली रेघ ओढायच्या आधीच या मुलीला माहीत होतं, उजेड कुठे आहे ते.

मग हे मला सांगायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप होतं? मी रोज तिला टोचून बोलत होते आणि ही बसून राहिली मुकाट! मला फार राग आला. खोलीत कुणी नव्हतं म्हणून बरं.

सोमवार, २३ डिसेंबर

सकाळपासून घरी मीच बसले. नारळ, फडकं, खिडकी. पाव घेतला नाही. पहिल्या कागदावर नारळाचा उजेड गिळला गेला. दुसऱ्यावरही. तिसरा तर फाडूनच टाकला. हात आपोआप उजवीकडे जायचा, जिथे पावाची बशी असते. हा कागदच वाईट आहे. इथे चांगला कागद मिळत नाही.

दुपारी कुलदीप सरांना फोन केला. म्हटलं, अफानच्या जागी सिदराचं नाव घाला. ते म्हणाले, "पण बाई, नावं तर गेली." मी म्हटलं, मग परत मागवा, अलिबाग काही अमेरिकेत नाही. अफानला फोन करून सांगितलं तर तो आनंदाने ओरडला. चाचणीच्याच दिवशी त्याची क्रिकेटची फायनल होती म्हणे.

हे मी चित्रासाठी केलं आहे. मुलीला माफ केलेलं नाही.

शनिवार, ११ जानेवारी

अलिबाग. लॉजवर आहोत. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

पहाटे निघालो. मी, सिदरा, तिची आई आणि चिराग. दिघीहून फेरीबोटीने पलीकडे आगरदांड्याला, पुढे एसटी. परीक्षा एका मोठ्या हॉलमध्ये, दारं उघडी, आम्ही बाहेर व्हरांड्यात. प्रत्येकासमोर कागद, कोळसा आणि बशीत पावाची स्लाइस. ती बशी बघून मला क्षणभर माहेरी आल्यासारखं वाटलं.

सिदराने बशी उचलली, मागच्या खिडकीत नेऊन ठेवली आणि जागेवर येऊन बसली. परीक्षकांनी हे पाहिलं. मुंबईहून आलेले गृहस्थ, पिकलेली दाढी, खादीचा कुर्ता. मांडणीत पितळी घागर आणि दुमडलेलं घोंगडं होतं. सगळ्यांचे कागद काळे झाले, ही बघतच बसली. चिराग तिकडे जोरात पाव मळत होता. मग तिने सुरुवात केली.

वेळ संपायच्या आधी परीक्षक तिच्यामागे येऊन उभे राहिले. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "पाव का नाही वापरला? उजेड अंधारातून बाहेर काढायचा असतो, बाळ. ज्याला पुसता येत नाही त्याला काढता येत नाही." आणि तिचा कागद बाजूच्या गठ्ठ्यावर टाकला. बाद झालेल्यांच्या!

मी आत कधी गेले ते मला आठवत नाही. तैयबा म्हणते, मी चपला बाहेर काढायलासुद्धा थांबले नाही. मी त्यांना म्हटलं, "हे कुठलं तर्कट? फळ्यावर लिहून पोरांच्या डोक्यात भरायला बरं वाटतं असलं वाक्य. कधी स्वतः डोळे उघडून बघितलंत, की नुसतंच पुढे ढकलताय? कागद उजेडात धरा! एक मळका डाग दाखवा! पुसावं कुणाला लागतं? ज्याला आधी दिसलेलं नसतं त्याला!"

सिदरा माझ्याकडे बघत होती. चिरागने तर तोंडच झाकून घेतलं. यात हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही.

परीक्षक लालबुंद झाले. म्हणाले, "आपण कोण?" मी म्हटलं, "मी हिची बाई." ते म्हणाले, "तुम्ही शिकवलंत हिला असं?" सगळे बघत होते. मी म्हटलं, "नाही. मी पावच शिकवते. ही शिकली नाही."

ते खिडकीकडे गेले. तिने ठेवलेली बशी आणली आणि पांढऱ्या फडक्यावर तिच्यासमोर ठेवली. "मग हाच काढ. पांढऱ्यावर पांढरा पाव. कोळशाने. न पुसता. बघू या." हे अडवण्यासाठी होतं, शिकवण्यासाठी नव्हे. मी तोंड उघडणार होते, तैयबाने मागून माझा पदर धरला.

सिदरा बघत बसली. बाकीची मुलं बाहेर जाऊन पाणी पिऊन आली, तरी ती बघतच होती. मग कांडी आडवी धरून तिने बशीखालची सावली भरली. मग मागची भिंत. मग फडक्याच्या चुण्या. पावावर तिचा हात एकदाही गेला नाही. तरी हळूहळू तो कागदावर आला, कोरा, मऊ, कडेच्या सालीला जरासा करडा. बेकरीतून आत्ता आणल्यासारखा.

परीक्षकांनी कागद उचलला आणि उजेडात तिरपा धरला. बराच वेळ धरला. मग खाली ठेवून तिचं आधीचं चित्र गठ्ठ्यातून काढलं, तेही तसंच धरून बघितलं. मला काही बोलले नाहीत. सिदराला नाव विचारलं आणि लिहून घेतलं.

संध्याकाळी यादी लागली. सिदरा आहे. चिराग नाही, पण त्याने वडापाव दोन खाल्ले आणि दुःख विसरला.

रविवार, १२ जानेवारी

परतीला आगरदांड्याला फेरीची वाट बघत होतो. सिदराच्या वडिलांचा कुवेतहून फोन आला. फोन आईने घेतला, मग पोरीने, मग दोघी एकदम रडायला लागल्या. मला वाटलं कुणी गेलं की काय. तर मुंबईचा फॉर्म भरायला सांगितलं होतं. रडायचं काय त्यात? माझ्याही डोळ्यांत खाऱ्या वाऱ्याने पाणी आलं.

त्या गडबडीत माझ्या हातातला वडापावचा तुकडा खाली पडला. माणसं येत-जात होती. मी वाकून तो उचलला आणि जेटीच्या कठड्यावर ठेवला. कावळे होते तिथे, म्हणून. मान वर केली तर सिदरा बघत होती. मी म्हटलं, "काय बघतेस?" ती म्हणाली, "काही नाही, बाई." आणि बोटीकडे पळाली.

सोमवार, १३ जानेवारी

वर्ग उघडला. म्हटलं, अभ्यासाचं नुकसान नको. चादर परत ठोकली. मी ती काढून नेल्यापासून खोलीला कुणी हात लावलेला नव्हता. खेळाचं सामान, धूळ, सगळं जिथल्या तिथे. मुलं येऊन बसली, सिदरासुद्धा. आज ती येईल असं वाटलं नव्हतं. मी खडू घेऊन फळ्याकडे वळले.

वर कोपऱ्यात चौकट. 'ज्याला पुसता येत नाही त्याला काढता येत नाही'. हे इथे कुणी लिहिलं, असं मनात आलं. दुसऱ्या क्षणी अक्षर ओळखलं.

पाठीमागे कुणी हूं की चूं केलं नाही. चिरागसुद्धा नाही. म्हणजे वर्गात सगळ्यांना माहीत होतं, ते वाक्य माझंच आहे. मी त्या माणसाच्या अंगावर धावून गेले तेव्हा या दोघांना माहीत होतं, आणि सिदराने वर्षभर पुरेल असं हे हत्यार हातात असून आईजवळसुद्धा चकार शब्द काढलेला नव्हता. कान तापले. मग डस्टर घेतला आणि ते चौकटीसकट पुसून टाकलं.

वळून सांगितलं, आजपासून पाव आणायचा नाही. टेबलाजवळ खुर्ची ओढून मीही कागद घेऊन बसले, सिदराच्या बाजूला, तिचा हात दिसेल अशी. कारण कुणाला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

तेवढ्यात कुलदीप सर दारावरून गेले. टेबलावर पाव नाही हे त्यांनी पाहिलं, थांबले, आणि समाधानाने मान हलवून पुढे गेले. आता हा माणूस मरेपर्यंत सांगत फिरणार, की बाईंनी शेवटी माझं ऐकलं. बाकी सगळं मी गिळलं. हे एवढंच गिळवत नाही.